अंगठा कुणाचा, संमती कुणाची?

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मकथनात एका थर्मामीटरची हकीकत आहे. ती त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात छापून आले होते, ते त्यांनी तेथे उतरवून घेतले आहे. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. छाती भरली, श्वास घेता येईना. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला तेव्हा तो आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणा, या अटीवर. ओल्या बाळंतिणीला बाळासकट बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या. आले त्याच वाटेने ते परत गेले. रात्रीचे आठ वाजले होते. दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनिया आहे असे डॉक्टरने सांगितले आणि तो निघून गेला. पुढे तिला पाहायलाही तो आला नाही. बाई मेली.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फक्त विटाळ दिसला. आपल्या चळवळीत वाढलेल्या कुणालाही तोच आधी दिसेल. पुढे पस्तीस वर्षे सरकारी दवाखान्यात परिचारिकेची नोकरी करून २०१८ साली निवृत्त झाले आणि ते पत्र पुन्हा वाचले, तेव्हा दुसरीच गोष्ट टोचू लागली. त्या पत्रात नवरा डॉक्टरशी बोलतो, नगरशेठ डॉक्टरशी बोलतो, डॉक्टर नवऱ्याशी बोलतो. थर्मामीटर हातोहात फिरते. ज्या बाईच्या शरीरात ते जाते तिच्याशी एक शब्दही कुणी बोलत नाही. तुला काय होते आहे, मी हे का लावतो आहे, यातून मला काय कळले, असे तिला कुणीही सांगत नाही. स्पर्श नाकारला गेला हे खरे, पण त्याआधी शब्द नाकारला गेला.

आज डॉक्टर आमच्या बायकांना हात लावतात. संविधानाने आणि चळवळीने एवढे निश्चित केले. गर्भार बाईच्या पोटावर थंडगार जेल फासले जाते, त्यावरून यंत्राचे टोक फिरते आणि पडद्यावर गर्भाची सावली हलू लागते. थर्मामीटरच्या तीन हातांपासून सोनोग्राफीच्या एका हातापर्यंतचे हे अंतर लहान नाही. परंतु शब्दाचे काय झाले? या प्रश्नाचा इतिहास मला येथे मांडायचा आहे. मी इतिहासाची पदवीधर नाही. या इतिहासाच्या एका टोकाला मी स्वतः शाईचा पॅड घेऊन बसलेली होते, एवढाच माझा अधिकार.

माझी आजी सुईण होती. आमच्या भागात सुईणपण बहुधा मांगवाड्यातल्या बायकांकडे असे. ज्यांच्या सावलीचा विटाळ, त्यांच्या हातात अख्ख्या गावाची पोरे जन्माला येत, हा आपल्या समाजव्यवस्थेचा ठरलेला खोटेपणा. आजी सांगायची, वाड्यावर बाळंतपणाला बोलावणे आले की उंबऱ्याशी उभे राहायचे. "आत येऊ का, बाईसाब?" आत गेल्यावर पुन्हा, "हात लावू का?" होकार द्यायची ती सासू, कळा सोसणारी सून नव्हे. मूल हाती आले, नाळ कापली, वार पडली की आजी पुन्हा अस्पृश्य. चार पायली जोंधळे आणि एक जुने लुगडे, तेही वरून टाकलेले.

म्हणजे हात लावण्याआधी विचारण्याची रीत या देशात नव्हती असे नाही. ती होती आणि आमच्या बायका ती पाळत होत्या. फक्त विचारणे नेहमी खालून वर गेले, आणि वरून खाली आला तो हुकूम. गंमत अशी की आमच्या वस्तीतल्या बाळंतपणातही आजी विचारायचीच. "पोरी, हात घालू का गं?" ही सवय तिला वाड्यावरच्या अपमानाने लागली होती की बाईपणाच्या दुःखाने, ते मला सांगता येणार नाही. आजीचे उदात्तीकरणही मला करायचे नाही. तिच्या हातून बाळंतिणी गेल्या. विळ्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होऊन पोरे गेली. नर्सिंगच्या शाळेत मी शिकले ते तिच्या चुका टाळण्यासाठी आणि ते बरेच झाले. पण त्या शाळेत हात कसे धुवायचे हे जसे शिकवले, तसे रोग्याला कसे विचारायचे हे कुणी शिकवल्याचे मला आठवत नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. वाकडे पाऊल पडलेल्या विधवांनी यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, ते त्यांच्या मर्जीवर, असे त्यांनी जाहीर फलक लावून कळवले. गर्भार बाईच्या मर्जीचा असा उघड उच्चार त्याआधी कुठे झाल्याचे माझ्या वाचनात नाही. तेथे आल्या त्या मुख्यतः ब्राह्मण विधवा आणि त्यांना आसरा दिला तो एका माळी दांपत्याने. पाहा, येथेही विचारणारा खालचाच आहे!

आता थोडे दूर जावे लागेल. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याच वर्षाच्या जुलैत अमेरिकन वृत्तपत्रांतून टस्कीगीची बातमी फुटली. अलाबामा राज्यात १९३२ पासून सुमारे सहाशे काळ्या पुरुषांवर सरकारच्या आरोग्यखात्याने एक अभ्यास चालवला होता. त्यातील ३९९ जणांना उपदंश होता. तुमचे रक्त खराब आहे एवढेच त्यांना सांगितले होते. पेनिसिलीन हाती आल्यावरही, रोग कसा वाढतो ते पाहण्यासाठी त्यांना ते दिले गेले नाही. हे चाळीस वर्षे चालले. पँथरच्या त्या पिढीने निग्रोंच्या साहित्याशी आपले नाते सांगितले. दवाखान्यातले नाते मात्र आपण फारसे बोललो नाही.

ते नाते त्याहून जुने आहे. आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा गौरव झाला तो डॉ. मॅरियन सिम्स त्याच अलाबामात १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया करीत होता. बाळंतपणात मूत्राशय फाटून सतत लघवी गळणाऱ्या या बाया. त्यांतल्या तिघींची नावे त्याच्याच लिखाणातून उरली आहेत: अनार्का, बेट्सी, लूसी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, भूल न देता. बायांची इच्छा होती असे सिम्सने पुढे लिहिले. असेलही, त्या यातनेतून सुटावे असे कुणाला वाटणार नाही? परंतु जिला 'नाही' म्हणता येत नाही तिच्या 'हो'ला काय अर्थ? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला. ज्या शास्त्राच्या जोरावर मी पोट भरले ते या तिघींच्या शरीरावर उभे आहे, हे मला नोकरीच्या अखेरच्या वर्षांत कळले.

न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांचा खटला झाला. त्यातून १९४७ साली जी संहिता निघाली तिचे पहिलेच कलम माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचे आहे. 'समजून दिलेली संमती' हा इंग्रजी कायद्याच्या भाषेतला प्रयोग १९५७ साली कॅलिफोर्नियातील एका निकालात आला. नुसता होकार पुरेसा नाही, काय होणार, कशासाठी होणार, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, हे ऐकून दिलेला होकार तोच खरा, असा त्याचा आशय.

नेमक्या याच सुमारास ते यंत्र जन्माला आले. ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाच्या गाठी मोटारीत घालून एका बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. तेथे धातूतील अदृश्य भेगा शोधण्यासाठी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे यंत्र वापरीत. ध्वनी आत जातो, आडवे काही आले की परत फिरतो, आणि त्या परतीच्या प्रतिध्वनीवरून आत काय आहे ते कळते. जून १९५८ मध्ये डोनाल्ड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लेख लिहिला. हे डोनाल्ड गर्भपाताचे कडवे विरोधक होते. आपल्या यंत्राने भारतात पुढे काय घडवले ते त्यांना कितपत कळले असेल कोण जाणे. यंत्राविषयी माझी तक्रार नाही. त्यात क्ष-किरण नाहीत. वार खाली सरकलेली आहे, मूल आडवे आहे, जुळे आहे, हे आधी कळल्यामुळे वाचलेल्या बाया मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. माझी आजी अशा वेळी फक्त हात जोडायची.

आपल्याकडे गर्भाच्या परीक्षेचा इतिहास सोनोग्राफीने सुरू होत नाही. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास दिल्लीत गर्भजल तपासणी आली ती जन्मजात दोष शोधण्यासाठी आणि पाहता पाहता मुली शोधण्यासाठी वापरली गेली. मुंबईत १९८६ च्या सुमारास स्त्री-संघटना, डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतले लोक यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध मंच उभा केला. त्याच्या रेट्याने १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १ जानेवारी १९९६ पासून. तो कागदावरच राहिला, म्हणून सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली दुरुस्ती होऊन कायदा कडक झाला. आकडे बोलके आहेत. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली ८०७. देशभरच्या अनुसूचित जातींत त्या वर्षी हे प्रमाण ९३३ होते, म्हणजे एकूण समाजापेक्षा बरे. पण आपल्यातलेही ज्यांच्या हाती दोन पैसे आले ते वाड्यावरचे शहाणपण लवकर शिकले. हे मी मांगवाड्यात आणि बौद्धवाड्यात दोन्हीकडे पाहिले आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हा कायदा हवाच होता. मी त्याच्या बाजूची आहे. परंतु या कायद्याने गर्भार बाईच्या हाती दिलेला कागद मी हजारो वेळा भरला आहे. त्याविषयी बोलणे मला भाग आहे.

कायद्याचे पाचवे कलम चांगले आहे. तपासणीचे सर्व ज्ञात परिणाम बाईला समजावून सांगावेत, तिला कळणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी, तिची एक प्रत तिला द्यावी, असे ते म्हणते. पण नियमांत उतरताना ही संमती 'फॉर्म जी'त गेली, आणि तो गर्भजल वगैरे सुई घालून करायच्या तपासण्यांसाठी. साध्या सोनोग्राफीसाठी आहे 'फॉर्म एफ'. त्यात बाईचे नाव, वय, नवऱ्याचे किंवा बापाचे नाव, आधीची मुले किती, मुलगे किती, मुली किती, सारे आहे. शेवटी तिचे निवेदन. निवेदनात ती काय सांगते? या तपासणीतून मला माझ्या गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, एवढेच. त्याखाली सही किंवा अंगठा. अंगठा असेल तर तो ओळखणाऱ्याचे नाव, नाते, पत्ता. ही तपासणी कशासाठी, तीतून काय कळू शकते, काय कळत नाही, दोष निघाला तर तुला काय करता येईल, नको असेल तर नाही म्हणता येईल का, यातले एक अक्षर तिच्या त्या निवेदनात नाही. म्हणजे जो एकमेव कागद तिच्या अंगठ्याने पुरा होतो तो संमतीपत्र नव्हेच. 'मला जाणायचे नाही' अशी ती कबुली आहे. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत या नोंदींचा अहवाल अधिकाऱ्याकडे जातो. कागद अपुरा राहिला तर सेंटरला टाळे लागू शकते, आणि या नोंदी म्हणजे नुसती कारकुनी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. ते योग्यच. पण त्यामुळे त्या कागदावर सगळ्यांचे लक्ष असते ते अधिकाऱ्याच्या डोळ्यांसाठी. बाई तेथे फक्त अंगठ्यापुरती.

याच कायद्याचे चोविसावे कलम वाचले की आणखी एक विसंगती दिसते. लिंगनिदान झाले तर बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली, असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ते कलम सांगते. बाईला शिक्षेतून वाचवण्यासाठी ते आहे आणि असावेच. पण एका हाताने कायदा म्हणतो की हिला स्वतःची इच्छा चालवता येत नाही, आणि दुसऱ्या हाताने तिचा अंगठा तिच्या इच्छेचा पुरावा म्हणून फाइलीत लावतो!

अंगठ्याचा आपला अनुभव काय आहे? एकलव्याचा सोडून देऊ, तो आता प्रत्येक सभेत निघतो. सावकाराच्या खतावरचा अंगठा घ्या. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत कुणबी उठले तेव्हा त्यांनी सावकारांचे जीव घेण्यापेक्षा कर्जखते जाळली. न वाचता दिलेली निशाणी म्हणजे काय हे त्यांना कळले होते. आणीबाणी घ्या. १९७६ च्या जानेवारीत बार्शीला रस्त्यावरून माणसे धरून नेऊन त्यांची नसबंदी केली गेली. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांचेही कागद होते आणि कागदांवर अंगठेही होते.

येथे बाबासाहेबांची आठवण होते. १९२८ च्या जुलैत मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने ते बोलले. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा संततिनियमनाचा ठराव मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी मांडला आणि तो फेटाळला गेला. बाबासाहेबांना संततिनियमन हवे होते ते बाईच्या हातात साधन म्हणून. अडतीस वर्षांनी सरकारने ते आणले ते बाईबापड्यांच्या शरीरावरचा कोटा म्हणून. साधन तेच, मालक बदलला. मी १९८३ साली नोकरीला लागले तेव्हा आणीबाणी संपली होती, पण 'केसेस' संपल्या नव्हत्या. मार्चअखेर जवळ आली की टार्गेट पुरे करण्यासाठी आम्ही वस्त्यांवर जायचो. कुठल्या वस्त्यांवर, ते सांगायला नकोच. जेथून 'नाही' ऐकू येण्याची शक्यता कमी, तेथे. १९९६ साली ती उद्दिष्टे काढून टाकली गेली. हाताला लागलेली सवय कशी काढणार?

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहिला तिच्याकडे येते. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी होते. मी तेव्हा एका तालुक्याच्या ठिकाणी होते. त्या साली दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी बायांची रांग दारापर्यंत लागली होती. दवाखान्याचे आणि बाईचे नाव मी देत नाही. आमच्याच समाजाची, विशीबाविशीची, दुसऱ्या खेपेची. एकोणिसावा आठवडा होता. मी तिचा अंगठा शाईत बुडवला आणि फॉर्मवर टेकवला. "हे कशाचं हाय, बाई?" तिने विचारले. "सोनोग्राफीचं. चल, आत हो." एवढेच आमचे संभाषण. तपासताना तिने मान वळवून पडदा पाहायचा प्रयत्न केला, तेव्हा मीच म्हणाले, "तिकडं बघायचं नाही." कायद्यात असे कुठेही लिहिलेले नाही. पण बीड जिल्ह्यात परळीचे प्रकरण २०१२ साली उघडकीस आल्यापासून सोनोग्राफीच्या खोलीत गर्भाविषयी काहीही बोलायची आम्हा सगळ्यांना भीती वाटू लागली होती.

रिपोर्ट इंग्रजीत आला. गर्भाच्या डोक्याची कवटी बनलेली नव्हती. असे मूल जगत नाही. डॉक्टरांनी नवऱ्याला "जिल्ह्याला दाखवा, लवकर" एवढे सांगितले. का, ते सांगितले नाही. रांग मोठी होती. नवऱ्याने उचल घेतलेली, मुकादमाची गाडी पुढच्या आठवड्यात. रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी तिच्या हातात दिला. त्यातला तो शब्द मला कळत होता. तरी मी बोलले नाही. डॉक्टरांचे काम डॉक्टर करतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. तेव्हाच्या कायद्याने गर्भपाताला विसाव्या आठवड्यापर्यंत मुभा होती. २०२१ च्या दुरुस्तीत काही स्थितींत ती चोविसाव्यापर्यंत आली आणि असा गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही. सज्ञान बाईची एकटीची संमती त्याला पुरते. नवऱ्याची सही लागते हा समज आमच्याच दवाखान्यांनी पसरवलेला आहे. तिच्याजवळ मोजके दिवस होते. त्या दिवसांत तिने काय ठरवले असते ते मला ठाऊक नाही. कदाचित मूल ठेवलेही असते. ठरवायची वेळच तिच्यावर येऊ दिली गेली नाही.

ती फडावर गेली. डोक्यावर मोळ्या वाहून ट्रकवर चढवल्या. फेब्रुवारीत कारखान्याच्या तळावर, कोपीत, बाळंत झाली. मूल तासभरही राहिले नाही. उन्हाळ्यात टोळी परतल्यावर दवाखान्यात आली तेव्हा ती पिशवी तिच्याजवळ तशीच होती, घडीसुद्धा न मोडलेली. मी तिला विचारले, आणि आता वाटते किती निर्लज्जपणे विचारले, "अगं, रिपोर्टात काय आलंय ते तू आम्हाला विचारलं का नाहीस?"

ती म्हणाली, "मला काय बी इचारायचं न्हाई, म्हनून तर तुमी अंगठा घेतला व्हता की, बाई."

तिने तो कागद आमच्यापेक्षा नीट वाचला होता. लिंग आणि रोग हा भेद कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात होता. तिच्यापर्यंत पोचले ते 'जाणून घ्यायचे नाही' एवढेच.

हे एका दवाखान्याचे पाप म्हणून सोडून देता येईल. पण विचार मोठ्या जागीही असाच झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली यांच्या दाव्यात दिलेला निकाल आपल्याकडे रुग्णाच्या संमतीचा पाया मानला जातो. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीने काढून टाकले होते. न्यायालयाने बजावले की तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे, आणि सज्ञान बाईच्या वतीने आई संमती देऊ शकत नाही. हा भाग सोन्याचा आहे. परंतु रुग्णाला किती सांगायचे हे ठरवताना न्यायालयाने अमेरिकेतली अधिक कडक कसोटी बाजूला ठेवली आणि इंग्लंडची सैल कसोटी जवळ केली. त्याचे एक कारण असे दिले की येथले बहुसंख्य रुग्ण गरीब, निरक्षर किंवा अर्धशिक्षित आहेत आणि वैद्यकीय परिभाषा त्यांना समजणार नाही.

मला या तर्काविषयी आदरपूर्वक पण स्पष्ट मतभेद नोंदवायचा आहे. जिला वाचता येत नाही तिला जास्त सांगितले पाहिजे की कमी? 'कवटी बनलेली नाही, मूल जगणार नाही' या वाक्यात परिभाषा कुठे आहे? उचलीचा हिशोब, मोळ्यांचा हिशोब, मुकादमाने मारलेले खाडे त्या बाईला तोंडपाठ होते. तिची आकलनशक्ती कमी पडली नव्हती, आमची जीभ आखडली होती. शिकायचा अधिकार नाकारायचा, मग अडाणी म्हणायचे आणि अडाणी म्हणून सांगायचे नाही, ही साखळी आपल्याला नवी नाही. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. तीन वर्षांत त्या जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे सरकारनेच सांगितले. त्या प्रत्येकीचा कागद असणार. कॅन्सर होईल असे घाबरवून घेतलेला अंगठाही फाइलीत संमती म्हणूनच बसतो.

नोकरीचे शेवटचे वर्ष मी एक गोष्ट केली. तिला सुधारणा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. शाईचा पॅड उघडण्याआधी मी बाईला मराठीत सांगू लागले, ही तपासणी कशाची आहे. पोरगा की पोरगी ते आम्ही सांगणार नाही, तो गुन्हा आहे. बाकी सगळे तू विचारायचे, आणि आम्ही सांगायचे. नको वाटले तर नको म्हणायचे. एका बाईला चारपाच मिनिटे लागत. रांग लांबू लागली. डॉक्टर दोनदा ओरडले, आणि त्यांची बाजूही खोटी नव्हती. दुपारी एकपर्यंत साठ बाया उरकायच्या असत.

एका नऊ तारखेला एक पहिलटकरीण सारे ऐकून गप्प बसली. सासू शेजारी होती. मग पोरगी म्हणाली, "आज नगं. माज्या आईला इचारून येते." सासूने तिच्या दंडाला धरले, तरी ती उठली आणि बाहेर गेली. रांगेतल्या बाया कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे पाहू लागल्या. आतून डॉक्टरांनी विचारले, पुढची का नाही आली? फॉर्म अर्धा भरलेला माझ्यासमोर होता. त्यात बाईने नाही म्हटले तर लिहायला रकाना नव्हता. मी तिच्या नावासमोर समासात लिहिले, 'नकार दिला', आणि खाली माझी सही केली.